निकम सरांचं गिऱ्हाईक

इंजिनिअरिंगच्या ड्रॉइंगमध्ये कुठल्याही वस्तूची तीन चित्रं काढतात. एक समोरून, एक वरून आणि एक बाजूनं. निकम सरांच्या वर्गात चार काढावी लागत. चौथ्या चित्रात ती वस्तू विकत घेणारा माणूस काढायचा असे.

माणूस म्हणजे नुसता काड्यांचा पुतळा चालत नसे. पाण्याच्या पंपाचं ड्रॉइंग असेल तर पंप घेणारा शेतकरी हवा, त्याच्या डोक्याला पटका हवा आणि पायात काय आहे तेही दिसायला हवं. एका मुलानं पटकेवाल्याच्या पायात बूट काढले. सरांनी शीट परत केली.

"ह्यो बूट घालून पाटात उभा ऱ्हाणार व्हय? कुठल्या गावचा हाय, इचार त्याला."

"सर, चित्र आहे ते."

"मग जिता माणूस बघून ये आन् पुन्ना काढ."

एकदा परीक्षेला बाहेरगावचे परीक्षक आले होते. लेथच्या भागाशेजारी झुपकेदार मिशांचा एक जाडजूड गृहस्थ बघून त्यांनी हे काय म्हणून विचारलं. मुलगा म्हणाला, "गिऱ्हाईक, सर." परीक्षकांनी चष्मा पुसला, प्रश्नपत्रिका पुन्हा वाचली, आणि शेवटी त्या गृहस्थाला अर्धा मार्क दिला. म्हणाले, स्केलमध्ये तरी आहे.

हे सगळं सत्तरच्या दशकातलं, सांगलीतलं. मी त्या कॉलेजातला नव्हे. मी मूळचा साताऱ्याचा, आणि नोकरीला सांगलीत, शेजारच्या कॉमर्स कॉलेजात. दोन्ही कॉलेजांच्या मध्ये एक तारेचं कुंपण होतं आणि ते ओलांडायचं कुणाला काही कारण नव्हतं. एके दिवशी मी वर्गात मागणी आणि पुरवठा शिकवत होतो, तेव्हा खिडकीत एक माणूस दिसला. पांढरा शर्ट, खाकी पँट, बारीक कापलेले केस आणि आरशासारखे चमकणारे बूट. तास संपेपर्यंत तो ताठ उभा राहून ऐकत होता. मला वाटलं, कुणा मुलाचे वडील असावेत. मी बाहेर आलो तसा तो म्हणाला, "लय झ्याक शिकवता. पन ह्यातल्या एका तरी पोरानं कवा नट पिळलाय का?"

मी म्हणालो, "नट पिळणं आमच्या अभ्यासक्रमात नाही."

"तेच म्हंतोय. तुमची पोरं इकायला शिकत्यात, पन काय इकायचं ते त्यास्नी म्हाईत न्हाई. माझी पोरं बनवायला शिकत्यात, पन कुनासाठी ते त्यास्नी म्हाईत न्हाई. तारंच्या ह्या अंगाला निम्मा माणूस, त्या अंगाला निम्मा. जोडून बघूया का?"

असे आनंदराव निकम माझ्या आयुष्यात आले. पाटणच्या बाजूच्या एका खेड्यातले. लहान वयात लष्करात गेले, तिथल्या वर्कशॉपात हात काळे करत शिकले, पदवी घेतली आणि नोकरी पुरी करून सांगलीला शिकवायला आले. सूत्रं ते स्वच्छ इंग्रजीत सांगत. बाकीचं जग त्यांना गावाकडच्या बोलीतच दिसायचं. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत, किंवा ठेवायची गरज वाटत नसे. माणूस ज्या खात्याचा ते त्याचं नाव. प्रिन्सिपॉल म्हणजे 'हेडक्वाटर', ग्रंथपाल म्हणजे 'बुकं', आणि मी 'कॉमर्स'. रस्त्यात पलीकडच्या फूटपाथवरून हाक यायची, "ओ कॉमर्स, जेवला का?" आणि चार लोक वळून बघायचे.

त्यांचं ते जोडायचं खूळ मी आधी हसण्यावारी नेलं. पण ते रोज यायला लागले. शेवटी दर शनिवारी दुपारी, दोन्ही कॉलेजांच्या प्राचार्यांची अर्धवट परवानगी घेऊन, एक वर्ग सुरू झाला. त्याला ना परीक्षा ना मार्क. इंजिनिअरिंगचा एक मुलगा आणि कॉमर्सचा एक, अशी जोडी लावायची आणि दोघांनी मिळून एक वस्तू बनवायची, जी कुणाला तरी खरोखर हवी आहे. जोड्या सर स्वतः लावत, उंचीप्रमाणे. लष्करातली सवय.

मुलं काही सांगायला उठली की सर पहिला प्रश्न टाकत, "गिऱ्हाईक कुठं हाय?" गिऱ्हाईक शेतात आहे, घरात आहे, असं मोघम उत्तर चालत नसे. त्याचं नाव काय, घरात माणसं किती, ही वस्तू नव्हती तेव्हा त्याचं कुठं अडत होतं, हे सगळं सांगावं लागे. वर्गाबाहेरही हेच. एसटीत शेजारच्या बाईच्या पिशवीतनं नवा स्टोव्ह डोकावताना दिसला तर सर विचारायचे, "मावशी, ह्योच का घेतला? पल्याडचा का न्हाई घेतला?" लग्नाला गेले तर वरबापाला बाजूला घेऊन मांडववाल्याबद्दल विचारत. माझी आई साताऱ्याहून आली होती तेव्हा तिनं आणलेल्या नारळाच्या खवणीबद्दल ते तिच्याशी तासभर बोलले. ते गेल्यावर आई म्हणाली, "माणूस फार चौकस आहे रे. पण स्वतःचं काही सांगत नाही. बायकामुलं कुठं असतात त्याची?"

मला माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं आणि त्यांनी सांगितलं नव्हतं. ते स्टँडजवळ एका खोलीत राहत, खानावळीत जेवत. एवढंच ठाऊक.

आमच्या वर्गातली गाजलेली जोडी म्हणजे दिलीप आणि महावीर. दिलीप इंजिनिअरिंगचा, हुशार, थोडा तिरसट. महावीर कॉमर्सचा, हळदीच्या पेठेत वाढलेला, गोड बोलणारा. दोघांनी हळदीला पॉलिश करायचा ड्रम करायचं ठरवलं. हळद शिजवून वाळवली की वरून खरबरीत आणि काळपट दिसते. लोखंडी ड्रममध्ये घालून फिरवली की एकमेकीवर घासून तिची साल जाते आणि पिवळाधमक रंग येतो. जुने ड्रम फिरवायला चार माणसं लागत. दिलीपनं दोन माणसांत फिरेल असा ड्रम काढला, बेअरिंग बसवली, आणि हलू नये म्हणून खाली काँक्रीटचा भक्कम पाया दाखवला. ड्रॉइंग देखणं होतं. चौथ्या चित्रातला शेतकरीसुद्धा झकास होता, पायात कोल्हापुरी वहाणा.

महावीर दोन रविवार तासगावच्या बाजूच्या गावांत हिंडून आला. शनिवारी उभा राहिला आणि म्हणाला, "सर, हा ड्रम कोणी विकत घेणार नाही."

दिलीप भडकला. "का? काय कमी आहे त्यात?"

"कमी काही नाही. हळदीचं काम वर्षातनं आठवडाभर. तेवढ्यासाठी कोण घेतंय? गावात एखाद्याकडं ड्रम असतो आणि तो घरोघर भाड्यानं फिरतो."

"मग माझ्या पायाचं काय करू?"

"तो पाया बैलगाडीत चढणार नाही एवढं मला कळतंय," महावीर म्हणाला.

सर खिडकीशी उभे होते. बुटांच्या टाचा हळूच वरखाली करत होते. फार आनंद झाला की ते असं करत. त्यानंतर महिनाभर ती दोन पोरं कुंपणाच्या एकाच बाजूला दिसत. काँक्रीट गेलं, ड्रम गाडीच्या दोन चाकांवर बसला, बैल जुंपायची सोय झाली. चौथ्या चित्रातला शेतकरी गेला आणि भाड्यानं ड्रम फिरवणारा माणूस आला, बैलांसकट. सरांनी तीही शीट परत केली, कारण बैलांची शिंगं म्हशीची होती. पण हळदीच्या हंगामात तो ड्रम खरोखर एका गावात गेला, आणि तिथून पुढच्या गावात गेला, आणि परत मागायला आम्हांला माणूस पाठवावा लागला.

याची वार्ता विद्यापीठापर्यंत पोचली. हा विषय इंजिनिअरिंगच्या पदवीला रीतसर जोडावा का, हे बघायला समिती आली. सर आठवडाभर जेवणखाण विसरले. मुलांकडून वर्ग धुऊन घेतला, ड्रमला रंग दिला, मला टाय लावायला सांगितला. त्यांच्या मते हा विषय आला नाही तर पोरं जन्मभर कुणाला नको असलेल्या वस्तू करत बसतील, आणि ह्यापेक्षा वाईट शिक्षा त्यांना ठाऊक नव्हती.

समितीनं सगळं नीट पाहिलं. दिलीप आणि महावीर एकमेकांची वाक्यं पुरी करत बोलले. अध्यक्ष वयस्कर होते, शांत, बारीक आवाजाचे. शेवटी ते म्हणाले, "निकमसाहेब, कल्पना पटण्यासारखी आहे. एक सहज विचारतो. तुम्ही स्वतः अशी एखादी वस्तू कुणाला करून दिली आहे का? म्हणजे घेणाऱ्यानं ती आनंदानं वापरली, असं?"

त्यात खोच नव्हती. त्यांना एक चांगलं उदाहरण अहवालात घालायचं असावं. सर उठून उभे राहिले आणि सावधान झाले. मग ते म्हणाले, "बनवलं लय, सर. वापरलं न्हाई कुनी."

आणि खाली बसले.

विषय मंजूर झाला. पण त्यात एक मेख होती. व्यापाराचा विषय आहे, तेव्हा शिकवणाऱ्याकडं कॉमर्सची पदव्युत्तर पदवी हवी. म्हणजे विषय सरांचा आणि शिकवणार मी. मला फार अवघडल्यासारखं झालं. मी त्यांच्या खोलीवर गेलो तर ते बुटांना पॉलिश करत बसले होते.

"सर, मी त्यांना कळवतो की हे मला मान्य नाही."

"का? हुकूम हाय तो. तुमी शिकवा की. मी यीन ऐकायला."

आणि ते खरोखर आले. पहिल्या तासाला मुलांबरोबर शेवटच्या बाकावर बसले. मात्र आता ते 'गिऱ्हाईक कुठं हाय' असं विचारत नसत. नुसते ऐकत. ग्राहकाला काय हवं ते कसं ओळखावं, यावर मी तीन तास बोललो, ते तिन्ही त्यांनी मान खाली घालून ऐकले. तिसऱ्या तासानंतर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "कॉमर्स, रविवारी मोकळं हाय का? आमच्या गावाकडं जाऊ. एक सल्ला पाहिजे वेपारातला."

कऱ्हाडला गाडी बदलून आम्ही पाटणला उतरलो आणि तिथून पायी त्यांच्या गावाला गेलो. घर डोंगराच्या पायथ्याशी, सारवलेलं अंगण, शेजारी गोठा. दारात एक उंच, सावळ्या बाई उभ्या होत्या. सर म्हणाले, "ही आमची मंडळी. हौसा, ह्ये कॉमर्स." एवढी ओळख करून दिली आणि ते चुलत्याला भेटून येतो म्हणून जे गेले ते गेलेच.

वहिनींनी पाणी दिलं. म्हणाल्या, "बसा भावजी. कामरस हे आडनाव आमच्यात न्हाई कुनाचं. कोकनातलं का तुमी?"

मी हो म्हणून टाकलं. ओसरीवर बसल्यावर माझं लक्ष आजूबाजूला गेलं. भिंतीकडेला लोखंडी आणि लाकडी वस्तूंची रांगच होती. एक सायकलच्या पायडलांवर चालणारं ताक घुसळायचं यंत्र, त्याच्या पिंपात कोंबडी अंड्यांवर बसली होती. एक धान्य पाखडायचा पंखा, त्यावर लुगडं वाळत घातलेलं. एक काहीतरी दोन चाकांचं, पाण्याचे हंडे वाहायला केलेलं असावं, त्यात शेणी रचलेल्या. काम सुबक होतं, आणि मूळ कामाला एकही वस्तू वापरात नव्हती.

"हे सगळं सरांनी केलंय?"

"व्हय. पलटणीतनं सुट्टीवर आलं की एक करायचं. ताक करून माझं हात दुखत्यात म्हनून त्ये. पानी लांब हाय म्हनून ती गाडी. सुट्टी यायची महिन्याची, आन् दिसभर हितं ठोकत बसायचं. शेवटचा खिळा मारला की ट्रंक भरायची."

"मग तुम्ही वापरत का नाही?"

त्या हसल्या. "गाडीवर हंडं घातलं की उतारावर गाडी फुडं आन् मी मागं. आन् ताकाचं म्हनाल तर, हातानं घुसळाया बसलं की शेजारनी येत्यात, चार गोष्टी हुत्यात. त्या येंत्राच्या खडखडाटात कोन बसतंय?"

"हे त्यांना सांगितलं नाहीत कधी?"

"इचारलं न्हाई कवा. इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"काय सांगितलं असतं?"

पिंपाच्या कडेवरचं कोंबडीचं पीस त्यांनी उचलून टाकलं. मग म्हणाल्या, "पलटणीत बायका न्हेत्यात म्हनं काही जन. क्वाटर मिळती. खालच्या आळीची सुंदरा गेली हुती, झाशीला ऱ्हायली. मला काय ताक जड न्हवतं, भावजी."

सर परत आले तेव्हा जेवणं झाली. वहिनी वाढत होत्या, सर मान खाली घालून जेवत होते. दोघं एकमेकांशी बोलत नव्हते असं नाही. म्हशीचं बोलले, चुलत्याच्या गुडघ्याचं बोलले. निघताना सरांनी खिशातनं तेलाची बाटली काढली आणि कोंबडीला न हलवता ताकाच्या यंत्राच्या साखळीला तेल घातलं.

कऱ्हाडच्या स्टँडवर सांगलीची गाडी लागायची होती. बाकावर बसल्या बसल्या सरांनी समोर बघत विचारलं, "काय म्हनली?"

"कोण?"

"तुमीच शिकिवलं न्हवं, बनवणाऱ्यानं सोता इचारलं की गिऱ्हाईक भिडंखातर खरं सांगत न्हाई. तिऱ्हाइतानं इचारावं. म्हनून तर तुमास्नी न्हेलं."

मी म्हणालो, "सर, हे तिऱ्हाइतानं सांगायचं नाही. त्या सांगायला बसल्यात. तुम्ही विचारा."

"कसं इचारायचं?"

मी तिकिटाचे सुटे पैसे काढून मोजू लागलो. माझ्या पुस्तकांत त्याचं उत्तर नव्हतं.

"लय वरसं झाली," ते म्हणाले. "आता इचारलं तर म्हनंल, येड लागलं ह्यास्नी."

गाडी लागली. गर्दी चढली, मी जागा धरली आणि खिडकीतनं त्यांना हाक मारली. ते फलाटावरच उभे होते. म्हणाले, "तुमी व्हा फुडं." आणि पलीकडं पाटणची गाडी सुटत होती तिच्याकडं चालत गेले.

सोमवारी शेवटचा बाक रिकामा होता. मंगळवारीही. बुधवारी सर आले, नेहमीच्या जागी बसले. तास संपल्यावर मी नुसतं त्यांच्याकडं बघितलं. ते म्हणाले, "इचारलं." आणि बुटांच्या टाचा एकदा वरखाली करून निघून गेले.

दिवाळीच्या आधी त्यांनी मला घर शोधायला सांगितलं. विश्रामबागेत आमच्याच गल्लीत दोन खोल्यांची एक जागा होती. सरांनी ती पाहिली, पण पक्की केली नाही. म्हणाले, "ती बघून जाऊ दे."

वहिनी आल्या त्या दिवशी मी किल्ली घेऊन हजर होतो. सरांनी खोलीवरचं आपलं सामान टांग्यात घालून आणलं होतं, ते अजून दारातच होतं. वहिनी आत गेल्या. नळ सोडून बघितला, बंद केला. फडताळाची दारं उघडली, लावली. भिंतीला हात लावून ओल आहे का बघितलं. माझ्या तोंडावर आलं होतं की ऊन चांगलं येतं, बाजार जवळ आहे. पण सर दाराला टेकून एक अक्षर न बोलता उभे होते, म्हणून मीही बोललो नाही.

स्वयंपाकघरात उभ्यानं रांधायचा ओटा होता. वहिनी त्याच्यापुढं बराच वेळ थांबल्या. सर हळूच म्हणाले, "न्हाई आवडला तर मालकाला सांगून काढूया. चूल खाली घेऊ. तू म्हनशील तसं."

"ऱ्हाऊ द्या," त्या म्हणाल्या. "उभं ऱ्हायलं की खिडकीतनं रस्ता दिसतूया."

मग त्यांनी मागं वळून त्या लहानशा खोलीवरून नजर फिरवली. म्हणाल्या, "पन तुमी कुठं बसनार?"

सरांनी इकडंतिकडं बघितलं. हे त्यांच्या डोक्यात आलेलं नव्हतं. ते दारात गेले, आपली काळी लष्करी ट्रंक ओढत आत आणली, ओट्याच्या शेजारी भिंतीला लावली आणि तिच्यावर बसले.